अकराशे ग्रॅमच्या आत

६ जानेवारी

दादाने तंबी दिली आहे: वर्तमानपत्रात यातलं एक अक्षरही येता कामा नये. संपादकांना लघुउद्योगांच्या पुरवणीसाठी मजकूर हवा होता आणि मला घरातलाच लघुउद्योग आठवला. माझा थोरला भाऊ शर्यतीच्या सायकलींच्या पोलादी फ्रेम्स हाताने बांधतो.

"लिहायचं तर फ्रेम झाल्यावर लिही," तो म्हणाला.

"आणि मोडली तर?"

"मग मृत्युलेख लिही, पंडित. त्यात तू तरबेज आहेस."

वार्ताहर म्हणून माझी निम्मी हयात लोकांना निरोप देण्यात गेली आहे. छापायचं नाही तर नाही. निदान या वहीत तरी लिहावं.

विषय असा. वहिनींना डोंगरी शर्यत पुरी करायची आहे. पायथ्यापासून माथ्यापर्यंत नुसता चढ. माथ्यावर फाटक आहे, ते अकराला लागतं. तोवर जे पोचले नाहीत त्यांना मागून येणारा ट्रक सायकलीसकट उचलून घेतो. गेली दोन वर्षं वहिनी त्या ट्रकमधून परत आल्या, आणि मागच्या खेपेला तर समोर फाटक दिसत असताना. त्यांचं वय पन्नाशीच्या पुढे आहे. किती पुढे ते इथे लिहिलं तर वही खासगी असूनही माझी धडगत नाही.

यंदा त्यांनी जाहीर केलं की हा शेवटचा प्रयत्न. लगेच दादाने जाहीर केलं की तो त्यांच्यासाठी अकराशे ग्रॅमच्या आत पोलादी फ्रेम बांधणार. जुनी, त्यानेच बांधलेली, एकोणीसशे भरते.

"आठशे ग्रॅमने असा काय फरक पडतो?" मी विचारलं.

"ते तुला चढावर कळेल."

"मला चढावर काहीच कळत नाही. मी चढावर शुद्धीत नसतो."

"कारखानदारांनी आधी स्वतःच्या पोटाचे पाच किलो उतरवावेत," वहिनी भाकरीच्या पिठाचा हात धूत म्हणाल्या, "मग माझे आठशे ग्रॅम बघू."

"पण मी कुठे चढणार आहे?" दादा म्हणाला.

"तेच म्हणतेय मी."

११ जानेवारी

आज नळ्या आल्या. दादाने खोकं उघडलं ते बाळंतिणीच्या खोलीत शिरावं इतक्या हळू.

त्याचं वर्कशॉप म्हणजे एका लांबट खोलीला दिलेलं मोठं नाव. एका बाजूला गॅसच्या टाक्या, मध्ये जाड लाकडाचं टेबल, भिंतीवर उंचीप्रमाणे लावलेल्या कानशी, आणि कोपऱ्यात एक रेडिओ, जो दादा इतक्या मोठ्याने लावतो की रस्त्यावरच्या लोकांना बातम्या फुकट मिळतात. आयुष्यभर पोलाद घासून त्याच्या कानांनी जवळपास राजीनामा दिला आहे.

नळ्यांचं शास्त्र त्याने मला समजावलं. टोकाला नळी जाड, कारण तिथे जोड येतो आणि ज्योत सोसायची असते. मध्ये ती पातळ, अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. बाहेरून काही कळत नाही, सगळी काटकसर आतून.

"म्हणजे माझ्या उलट," मी म्हणालो. "मी टोकांना बारीक आणि मध्ये जाड."

दादा हसला नाही. तो नळीवर नखाने टिचकी मारत होता. टिचकीचा आवाज त्याला ऐकू येत नाही, बोटाला कळतो म्हणे.

मी संस्कृत व्याकरणाची सूत्रं पाठ करत वाढलेला माणूस. एक अक्षर वाचवण्यासाठी तीन पिढ्या भांडणारे लोक माझे पूर्वसूरी. त्यामुळे हा वेडेपणा मला अगदीच परका नाही.

१५ जानेवारी

वहिनी संध्याकाळी माझ्याकडे आल्या. मी राहतो तो पाण्याच्या टाकीजवळच्या चढाच्या अगदी टोकाला. घर घेताना हवा बघितली, रस्ता बघितला नाही. त्या सायकलवरून लालबुंद होऊन आल्या, घड्याळाकडे पाहिलं, पेलाभर पाणी प्यायल्या, झाकणाच्या वाटीतली भाजी हातात दिली आणि गेल्या. बसल्यासुद्धा नाहीत.

एकट्या राहणाऱ्या दिराची इतकी काळजी! मन भरून आलं.

२२ जानेवारी

अनर्थ. तिरपी मोठी नळी गेली.

नळी पकडायला लाकडाचे दोन ठोकळे असतात, त्यांना नळीच्या मापाच्या खोबणी. दादाने घाईत जुन्या, जाड नळीचे ठोकळे लावले आणि पकड आवळली. पातळ पोलादाने चूं न करता गालावर खळी पाडून घेतली. खळी फार गोड होती, पण दादाला तसं वाटलं नाही.

"तीस वर्षं," तो म्हणाला. "तीस वर्षांत नळी चेपली नाही माझ्या हातून."

"इतकी पातळ वापरली नव्हतीस ना."

"पातळ आहे हे मला माहीत होतं की!"

त्याने ती कोपऱ्यात उभी करून ठेवली. दुसरी मागवली आहे. मी चहा करून आणला. तो दोघांसाठी होता, दोन्ही मीच प्यायलो.

२९ जानेवारी

वहिनी दुपारी आल्या. वाटी न्यायला विसरल्या म्हणाल्या. तासाभराने पुन्हा आल्या. वाटीचं झाकण न्यायला. दोन्ही वेळा आधी घड्याळ, मग पाणी. दुसऱ्यांदा तर दारातूनच "किती वाजले?" असं ओरडल्या.

वयाबरोबर विस्मरण येतंच. ब्राह्मी सुचवावी का? दादाशी बोलायला हवं, पण तो सध्या ग्रॅमखेरीज काही ऐकत नाही.

३ फेब्रुवारी

आज मी धीर करून दादाला खरं काय ते विचारलं. अकराशेच का? बाराशेने जग बुडतं का? इतकी पातळ फ्रेम वहिनींच्या खाली मोडली तर?

त्याने कानस खाली ठेवली. रेडिओ बंद केला, यावरूनच मी समजलो की आता बोलणार.

"मागच्या वर्षी मी फाटकाशी उभा होतो," तो म्हणाला. "ती शेवटच्या वळणावर आली. मला दिसत होती. तिला फाटक दिसत होतं. आणि मागून तो ट्रक. ती उतरली, पंडित. पाय टेकले. मी बघत होतो तिच्याकडे, आणि मला काय दिसत होतं माहितेय? तिच्या दोन पायांमध्ये एकोणीसशे ग्रॅम. मी बांधलेले."

"अरे, पण चढ—"

"चढ मी नाही बांधला. फ्रेम मी बांधली."

मग त्याने रेडिओ लावला. बाजारभाव चालू होते.

७ फेब्रुवारी

वहिनींनी मला संस्कृत कोश मागितला. मोठा, चामडी बांधणीचा, जो मी स्वतःसुद्धा दोन हातांनी उचलतो. माझे कान खोटं ऐकतायत असं वाटलं. "सगळ्यात जाडा कुठला?" असं विचारलं त्यांनी, म्हणजे अर्धवट अभ्यास नकोच. पाठीवरच्या पिशवीत घालून घेऊन गेल्या.

या वयात ही जिज्ञासा! माझ्या वर्गातले विद्यार्थी (मी दोन वर्षं शिकवलंही आहे) पातळ पुस्तक बघून रडायचे.

१० फेब्रुवारी

वहिनींनी कोश परत आणला. तीन दिवसांत!

"कसा वाटला?"

"जड आहे हो, भावोजी."

"सुरुवातीला वाटतं तसं. सवय झाली की सोपा जातो."

"तेच," त्या म्हणाल्या. "परवा परत नेईन." आणि घड्याळाकडे बघून जिन्यावरच हसल्या. ज्ञानाचा आनंद दुसऱ्याच्या चेहऱ्यावर बघण्यासारखं सुख नाही.

२१ फेब्रुवारी

जोडकाम सुरू झालं. मी बघायला गेलो तर दादाने मला निळा चष्मा दिला आणि स्टुलावर बसवून "हलायचं नाही, बोलायचं नाही, सुचवायचं नाही" अशी त्रिसूत्री ऐकवली.

जोडाला आधी पांढरा लेप लावतात. मग ज्योत. पोलाद सांजेच्या आभाळासारखं तांबूस होतं, आणि पितळेची काडी टेकवताच ती वितळून सांध्यात पळते. लोणी तव्यावर पळतं तशी. दादाच्या हातात एरवी चहाचा कप हिंदकळतो. ज्योत हातात आली की तोच हात शिळेसारखा. लेपाची मागे काच होते. प्रत्येक नळीच्या आतल्या बाजूला सुईच्या नाकाएवढं छिद्र ठेवलेलं असतं, तापलेली हवा बाहेर पडायला. नाहीतर हवा फुगून पितळेचा डाख उडतो.

मला वाटलं होतं की मला कंटाळा येईल. तीन तास गेले हे स्टुलावरून उठताना गुडघ्यांनी सांगितलं.

२ मार्च

जोडकाम पुरं. हिशेबाप्रमाणे फ्रेम एक हजार पंच्याऐंशी भरायला हवी. दादाने प्रत्येक नळी कापल्यावर, घासल्यावर आणि जोडण्याआधी तोलली आहे, काडी किती वितळली तेही. एवढा हिशेब मी आयकराचाही ठेवत नाही.

लेपाची काच विरघळावी म्हणून फ्रेम रात्रभर कोमट पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवली आहे. दादा पिंपाशेजारी खुर्ची टाकून बसणार होता. वहिनींनी दंडाला धरून घरी नेला.

३ मार्च

सकाळी मी मुद्दाम गेलो. वजनाचा सोहळा मला चुकवायचा नव्हता. दादाने फ्रेम पिंपातून काढली, पुसली, आणि काट्यापर्यंत नेण्याचा मान मला दिला.

काय सांगू! उचलली तेव्हा जणू कुणी रेषाच हातात दिली. आणि नेताना आतून फार नाजूक असा आवाज येत होता, चुळुक, चुळुक. पातळ पोलादाचा अंगचा नाद असावा. दादाला विचारणार होतो, पण रेडिओवर क्रिकेट चालू होतं, आणि शिवाय मागच्या वेळी मी "ही नळी पोकळ असते का?" असं विचारलं होतं ते तो अजून लोकांना सांगतो.

काट्याने अकराशे चाळीस दाखवले.

दादाने काटा बदलला. अकराशे चाळीस. काट्यावर साखरेची किलोची पिशवी ठेवली; काटा बरोबर. मग तो बसला. "हिशेब चुकला," एवढंच म्हणाला. मी म्हणालो, चाळीस ग्रॅम म्हणजे दोन लाडू. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी घरी आलो.

४ मार्च

वहिनींचा फोन. दादा पहाटेपासून जोड घासतोय. चाळीस ग्रॅम जोडांवरून काढायचे म्हणतो.

मला पोलादातलं कळत नाही, पण जोड कशाने धरून ठेवलेला असतो एवढं कळतं. मी गेलो. तो खाली मान घालून कानस चालवत होता. टेबलावर पिवळी भुकटी.

"दादा, पुरे. मोडेल."

"मोडणार नाही."

"तू कालच म्हणालास हिशेब चुकला. मग याचा हिशेब कुठून आणलास?"

हे मी उगाच बोललो. पण खरं होतं, आणि त्यालाही ते खरं वाटलं, म्हणूनच तो इतका चिडला. मला भीती वाटते. मोडण्याची नव्हे, हा माणूस पुन्हा फाटकाशी उभा राहून बघेल त्याची.

५ मार्च

संध्याकाळी वहिनी आल्या. या वेळी पाठीवर कोश नव्हता, खांद्यावर फ्रेम होती. चादरीत गुंडाळलेली.

"भावोजी, ही तुमच्याकडे ठेवा. कारखानदारांनी मागितली तर नाही म्हणा."

"मला खोटं बोलता येत नाही."

"वार्ताहर ना तुम्ही?"

त्या बसल्या, जे हल्ली क्वचित होतं. म्हणाल्या, "मला वर पोचायचंय. मनापासून पोचायचंय. पण मी नाही पोचले की हे वर्षभर स्वतःलाच कानशीने घासत बसतात. ते बघवत नाही हो. म्हणून म्हटलं, यंदा शेवटचं. पोचले तर ठीक, नाही तर सायकल विकून टाकू आणि दोघं मिळून फिरायला जाऊ. पायी. सपाटीला."

"तुम्हाला चालेल?"

"सपाटीला काय, कुणीही चालेल," त्या म्हणाल्या.

त्या गेल्यावर मी फ्रेम न्हाणीघरातल्या खुंटीला टांगली. सरळ टांगली तर नळाला लागत होती, म्हणून उलटी, चाकांची बाजू वर.

६ मार्च

सकाळी खुंटीखाली पाणी. छप्पर कोरडं, नळ बंद. फ्रेमच्या एका बारीक छिद्रातून थेंब आला, थांबला, पडला. मग दुसरा.

फ्रेम रडत होती. क्षणभर मी अगदी तसंच समजलो, आणि मनात एक बरा श्लोकही जुळत आला होता. मग घाबरलो. आत गंज? माझ्या घरात? दादा मला पिंपात घालेल. वहिनींना फोन केला: "लवकर या, फ्रेमला घाम येतोय."

त्या विक्रमी वेळात आल्या. खुंटीकडे बघितलं. फ्रेम काढली, कानाशी हलवली. चुळुक.

"हा आवाज..." मी म्हणालो. "काट्याकडे नेतानाही येत होता. मला वाटलं अंगचा नाद—"

वहिनी तिथेच न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मला आधी काहीच कळेना.

"भावोजी, अहो, रात्रभर पिंपात होती ना ही! जिथून हवा बाहेर पडते तिथून पाणी आत नाही का जाणार? कारखानदारांनी हिला पोटभर पाजलंय आणि मग वजन जास्त का भरलं म्हणून रडत बसलेत!"

आम्ही दोघांनी ती सगळीकडून उलटीसुलटी केली. एका बाजूला धरली की दुसरीकडून गळे. लहान मुलाला शिंकरवतात तसं चाललं होतं. मग गच्चीवर उन्हात तापवली. माझ्या स्वयंपाकाच्या काट्यावर ठेवली तर एक हजार ब्याऐंशी. जोड घासलेत त्याचे तीन ग्रॅम धरून दादाचा हिशेब ग्रॅमच्या काट्याने बरोबर होता.

वर्कशॉपमध्ये दादा नुसता बसला होता. रेडिओ बंद. वहिनींनी फ्रेम त्याच्या काट्यावर ठेवली. त्याने आकडा वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला.

"काय काढलंत?" तो ओरडला. "कुठून काढलंत? कुठला भाग काढलात?"

"पाणी," वहिनी म्हणाल्या.

त्याने पिंपाशी जाऊन आत वाकून पाहिलं. तीस वर्षं फ्रेम्स धुतोय. पण जाड नळ्यांच्या फ्रेम्स, ग्रॅमावर न तोललेल्या. पाणी तेव्हाही राहत असणार आणि गिऱ्हाइकं ते सोबत घेऊन हिंडत असणार.

मग तो हसायला लागला. दादा हसतो तेव्हा आवाज येत नाही, नुसते खांदे हलतात. वहिनींनी त्याच्या पाठीवर एक चापट मारली, आणि मी बाहेर जाऊन उगाचच रस्ता बघत उभा राहिलो.

घासलेले जोड त्याने पुन्हा तापवून पितळेने भरले. जितकं काढलं तितकंच.

१८ मार्च

रंगावरून तह. दादाचं म्हणणं, रंग म्हणजे ऐंशी ग्रॅम, त्यापेक्षा नुसतं तेल लावू. वहिनींचं म्हणणं, "नागडी फ्रेम घेऊन मी गावात फिरणार नाही." शेवटी एकच हात, तोही इतका पातळ की निळ्यातून खालचं पोलाद दिसतं. पंधरा ग्रॅम. बरोबर अकराशे. आत की वर यावर मी प्रश्न काढला नाही.

मी नाव सुचवलं: लघिमा. हलकं होण्याची सिद्धी.

"नावाचं वजन किती?" दादाने विचारलं.

"लघिमा म्हणे," वहिनी म्हणाल्या. "शेजारच्यांच्या नातीचं वाटतं. राहू दे."

नाव राहिलं नाही. शास्त्राची कदर नसलेलं कुटुंब.

५ एप्रिल

वहिनींनी कोश आणून दिला आणि म्हणाल्या, आता शर्यतीपर्यंत विश्रांती. अभ्यास थांबवल्याचं वाईट वाटलं. दोन महिन्यांत कोश किती वेळा नेला-आणला, पण एकाही पानाला दुमड नाही. पुस्तक वापरावं तर असं.

आज त्या आल्या त्या माझ्या खिडकीखालून गाणं गुणगुणत. या चढावर मला श्वास घेणंही जमत नाही.

१२ एप्रिल, रविवार

आत्ताच घरी आलो, चपलाही न काढता लिहायला बसलोय.

दादा आणि मी पहाटेच्या गाडीने माथ्यावर पोचलो. फाटक म्हणजे लाल-पांढरा रंगवलेला बांबू, आणि बांबूशी खुर्ची टाकून बसलेले एक गृहस्थ, ज्यांना सगळे घड्याळवाले म्हणतात. मान न हलवता घड्याळ बघण्याची त्यांना सिद्धी आहे. दादाने त्यांना तीन वेळा वेळ विचारली. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "साहेब, तुम्ही विचारल्याने ती थांबत नाही."

तरुण पोरं आली, पोरी आल्या. मग मोकळा रस्ता. दादाने आपली टोपी दोन्ही हातांनी पिळायला घेतली होती, जणू तिच्यातही पाणी राहिलं असावं. मी त्याला म्हटलं, बस. तो म्हणाला, तू बस. दोघंही उभे.

शेवटच्या वळणावर निळा ठिपका आला.

वहिनी उभ्या राहून पायडल मारत नव्हत्या, बसून मारत होत्या, संथ, चक्की फिरवल्यासारखं. मागे, बराच मागे, ट्रकचा आवाज येत होता. त्यांनी मागे पाहिलं नाही. दादा टोपीच पिळत राहिला, मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण शेजारच्या बाईंनी आपल्या मुलीचे कान झाकले. संस्कृत नसावं.

त्या बांबूखालून गेल्या तेव्हा घड्याळवाले खुर्चीतून उठलेसुद्धा नव्हते. भरपूर वेळ शिल्लक होता. घड्याळवाल्यांनी मान हलवली. त्यांनी मान हलवलेली पाहिलेले आम्हीच असू.

आठशे ग्रॅमची किमया! मी दादाला म्हणालो, तू खरा सिद्ध पुरुष. तो वहिनींकडे बघत होता. वहिनी रस्त्याच्या कडेला हँडलवर डोकं टेकून उभ्या होत्या, आणि त्यांचे खांदे हलत होते. दादाने जाऊन आपली पिळलेली टोपी त्यांना तोंड पुसायला दिली. त्यांनी पुसलंही.

मग तो ट्रक आला. दादाने आधीच ड्रायव्हरशी बोलून जागा धरून ठेवली होती, फ्रेम गुंडाळायला घोंगडीही आणली होती. "चल," तो म्हणाला, "सायकल वर दे. खाली आरामात जाऊ."

वहिनींनी घोंगडीकडे बघितलं. "त्या ट्रकमध्ये मी दोनदा बसलेय. आज नाही."

"अगं, ही चढासाठी बांधलीय. उताराला वेग असतो, वळणं असतात, ब्रेकचा जोर—"

"तुम्हीच बांधलीय ना?"

"म्हणूनच सांगतोय!"

"मग सांगा," वहिनी म्हणाल्या. "टिकेल की नाही टिकणार? तुम्ही नाही म्हणालात तर ट्रकमध्ये बसते. तोंड वाकडं न करता."

ट्रकवाल्याने इंजिन बंद केलं. मी जन्मात दादाला इतकं घाबरलेलं पाहिलं नाही; चढाच्या वेळीही नाही. तो रस्त्यावर गुडघे टेकून बसला. एकेका जोडावरून अंगठा फिरवला, सावकाश, सगळ्यांवरून. तिरप्या नळीवर नखाने टिचकी मारली आणि बोट तिथेच ठेवलं.

मग उठला. "वळणावर पुढचा ब्रेक एकदम दाबू नकोस," तो म्हणाला, आणि घोंगडी मला दिली.

त्या गेल्या. पहिल्या वळणापर्यंत निळं दिसलं, मग नाही.

आम्ही ट्रकमध्ये. दादा ड्रायव्हरशेजारी, अर्धा खिडकीबाहेर. प्रत्येक वळणाला तो रस्त्याच्या कडेला बघे, मग दरीत बघे, मग मला म्हणे, "दिसली?" मी म्हणे, "नाही." तो म्हणे, "चांगलं." एका वळणावर ड्रायव्हर म्हणाला, "बाई लई फास्ट गेल्या, साहेब." दादाने त्याला अक्षरशः मिठी मारायची बाकी ठेवली.

पायथ्याशी वहिनी पायरीवर बसून केळं खात होत्या. सायकल भिंतीला टेकलेली, एका तुकड्यात. दादा ट्रक थांबायच्या आत उतरला आणि आधी फ्रेमकडे न जाता वहिनींकडे गेला. हे मी नोंदवून ठेवतो.

"कशी आहे?" त्याने विचारलं.

"मी की फ्रेम?"

"दोघी."

"मी मस्त. ही वेगात जरा लवते हो. मागचं चाक थोडं उशिरा ऐकतं." त्यांनी सालं पिशवीत टाकली. "पुढच्या वर्षी शंभर ग्रॅम जास्त घाला."

मला वाटलं आता स्फोट होणार. ज्याने हिवाळाभर एकेका ग्रॅमसाठी जीव पाखडला त्याला शंभर ग्रॅम वाढवायला सांगायचे, तेही केळं खात! दादाने मात्र खिशातून पेन्सिल काढली, कागद सापडेना, म्हणून पायरीवरच काहीतरी आखायला लागला.

"शंभर नको," तो म्हणाला. "साठ. मागच्या दोन नळ्या जाड घेतो."

"ऐंशी."

"ऐंशी कशाला? साठात बसतं!"

"उतरले कोण, तुम्ही की मी?"

ट्रकवाल्याने मला विचारलं, यांचं भांडण मिटेपर्यंत थांबू का? मी म्हणालो, तुम्ही जा, हे लांबणार. सत्तरवर तडजोड होईल असा माझा अंदाज आहे, पण घरी पोचेपर्यंत तरी झाली नव्हती. परतीसाठी केलेल्या टेम्पोतून त्या दोघांनी मला कोपऱ्यावर उतरवलं आणि मी उतरलो हे बहुधा दोघांच्याही लक्षात आलं नाही.